शेवाळ वाळलं, आता भिंतीवर काय?

प्रश्न : सोसायटीच्या कुंपणभिंतीवर आम्ही ताक आणि शेवाळ मिक्सरमधून काढून मोर रंगवला. आधी बुरशी आली, दिवाळीपर्यंत सगळं गळून पडलं. भिंतीचं तोंड पूर्वेला आहे. तिथे दुसरं काही जिवंत करता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताक हे बुरशीचं खाद्य, शेवाळाचं नव्हे. शिवाय पाऊस संपला की आपल्याकडचं शेवाळ सुकून निपचित पडतं. रोज पाणी मारून ते हिरवं ठेवणं ही पाण्याची उधळपट्टी. आणि त्यासाठी किल्ल्यांच्या दगडांवरचं शेवाळ खरवडून आणत असाल, तर कृपा करून थांबा.

मोर ठेवा, पण मातीचा करा आणि पिसाऱ्यातले डोळे एकट्या राहणाऱ्या माश्यांना द्या. पानकापी माशी आणि चिखलाने घर लिंपणारी कुंभारीण माशी दोघीही अशा भोकांत अंडी घालतात. त्यांना राखायला पोळं नसतं, त्यामुळे त्या सहसा डंख करत नाहीत.

एक घमेलं चिकट माती, दोन घमेली जाड वाळू आणि बोटभर लांबीचा पेंढा घ्या. माती दोन दिवस भिजवून पायांनी तुडवा. आधी विटेएवढा नमुना वाळवून पाहा. तडे गेले तर वाळू वाढवा, भुगा होऊन सुटला तर माती. गुळगुळीत प्लास्टरवर टाचे मारल्याशिवाय, म्हणजे खाचा पाडून ते खडबडीत केल्याशिवाय, लिंपण धरत नाही. सहा इंच जाडीच्या चौरस मीटरभर मातीचं वजन अडीचशे किलोच्या आसपास भरतं, तेव्हा शिल्प भिंतीला लटकवायचं नाही. खाली दीड फूट दगडी जोतं, वर तेवढीच पुढे आलेली कौलं. जोत्याशिवाय केलेली कामं पहिल्याच पावसाळ्यात जमिनीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांनी तळातून झिजतात.

काम दिवाळीनंतर काढा. एका वेळी दोन इंचांपेक्षा जाड थर नको. उन्हात ओलं गोणपाट टाका. डोळ्यांच्या जागी मातीच्या लहान कुंड्या आडव्या बसवा, तोंड किंचित खाली झुकलेलं. त्यांत वाळलेल्या बांबूच्या सहा इंची नळ्या घट्ट भरा. आतला व्यास ४ ते १० मिमी, मागचं टोक पेराने बंद. ओला बांबू आक्रसतो आणि जुडी ढिली पडते. नळ्या थेट मातीत रोवू नका, कारण दोनेक वर्षांनी परजीवी आणि बुरशी वाढतात व जुडी बदलावी लागते. रंग चुन्याचा किंवा गेरूचा. ऑइलपेंटने ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात.

प्रश्न : अशा नळ्या लावून वर्ष झालं. मुंग्यांखेरीज कोणी आलं नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी मागची टोकं पाहा. आरपार उघडी नळी माशी सहसा घेत नाही. तोंडाला कुसळं असतील तर पॉलिश पेपर मारा, त्यांनी पंख फाटतात. दिवसभर सावली असली तरी जागा रिकामीच राहते. जवळपास तुळस, सब्जा, तूर लावा. तुरीच्या पानांना गोल कापे दिसले की औषध फवारू नका, पाहुणी आलीय! धूरफवारणी होत असेल तर ती या भिंतीपाशी बंद करून घ्या. पानांनी किंवा चिखलाने बुजलेली नळी म्हणजे आत पिल्लं आहेत, ती साफ करायची नाही. जुडी बदलायची वेळ आली तरी अशा नळ्या वेगळ्या काढून सावलीत, पावसापासून आडोशाला ठेवा.