मुलं १६०, माहिती अठरा जणांची

प्रश्न : शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे. ऐरोलीतल्या नववीच्या चार वर्गांतली १६० मुलं घेतली. दोन वर्गांना नवी पद्धत, दोनांना नेहमीची. दोन्ही गटांच्या सरासरी गुणांची तुलना करणाऱ्या टी-चाचणीत पी (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०१ आला. पुरेल ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. प्रबंध बांधायला टाकण्याआधी विचारलंत, हे फार बरं केलंत. टी-चाचणी प्रत्येक मूल स्वतंत्र धरते. पण एका वर्गातल्या चाळीस जणांना बाई एकच, वेळापत्रक एकच, क्लासही बहुधा एकच. त्यामुळे गुण एकमेकांकडे ओढले जातात. हा वर्गांतर्गत सहसंबंध ०.२ धरला, तर माहिती किती पट घटते ते असं : १ + (वर्गातली बाकीची ३९ मुलं × ०.२) = ८.८. १६० ला ८.८ ने भागा : जेमतेम १८ मुलांइतकी माहिती उरते. म्हणून पी फसवा लहान दिसतो.

मुलं नव्हे, वर्ग वाढवा. कळवा, कोपरखैरणे धरून वीसेक वर्ग जमले तर बहुस्तरीय विश्लेषण करा, म्हणजे मूल आणि वर्ग हे दोन्ही स्तर हिशेबात येतात. त्यासाठीची ‘आर’ आणि ‘जामोवी’ ही सॉफ्टवेअर दोन्ही फुकट आहेत. पूर्वचाचणीचे गुण सहचल म्हणून घ्या, म्हणजे मुलांमधला आधीचा फरक हिशेबात धरला जातो. एक्सेलमध्ये प्रत्येक मुलापुढे वर्गाच्या क्रमांकाचा रकाना हवाच. नेमका तोच राहून जातो आणि मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुन्हा सोडावे लागतात.

वर्ग वाढवणं शक्यच नसेल, तर चारही वर्गांचे आलेख वेगवेगळे दाखवा आणि ही मर्यादा स्पष्ट लिहा.