मादी मगर स्वतःची पिल्लं खाते का?

नाही, ती पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते. गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यात तुम्हाला तिच्या जबड्यात वळवळणारी शेपटी दिसली, ती बहुधा त्याच प्रवासातली. मी याच कालव्यात होडी चालवतो. मादी काठावर खड्डा खणून २५-३० अंडी पुरते, दोनेक महिने जवळच राहते. पावसाच्या तोंडावर आतून पिल्लांचा आवाज आला की माती उकरते. न फुटलेलं अंडं जिभेवर घोळवून अलगद फोडतेसुद्धा. त्याच दातांनी! दुसऱ्या मोठ्या मगरी मात्र ही पिल्लं गिळतात. आणि सगळेच सरपटणारे प्राणी असे नसतात: मोरजीच्या किनाऱ्यावर येणारी कासवीण वाळूत अंडी पुरून समुद्रात जाते, त्या अंड्यांकडे पुन्हा फिरकत नाही.