भौतिक गोष्टींवर अवलंबून न राहता आनंदी राहता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की पगार वाढला, घर झालं, गाडी आली पण प्रत्येक वेळी महिनाभरात आनंद ओसरतो, मग वस्तूंच्या पलीकडचा आनंद असतो तरी कुठे, आणि त्यासाठी सगळं सोडून द्यावं लागतं का.

आधी एक सांगतो, ओसरतो यात तुमचं काही बिघडलेलं नाहीये, सगळ्यांचं असंच होतं. नवीन फोनचंच बघा ना. पहिले काही दिवस तो टेबलावर अलगद ठेवायचा, स्क्रीनवर बोटाचा ठसा दिसला की लगेच शर्टाला पुसायचा, कॅमेरा कसाय बघायला भिंतीचे, पंख्याचे पण फोटो काढायचे. काही महिन्यांनी तोच फोन आपण लांबूनच बेडवर फेकतो, स्क्रीनगार्डला तडा गेलेला असतो आणि तो बदलायचा पण कंटाळा येतो. फोन तोच आहे, काम पण तितकंच चोख करतोय, फक्त आपलं त्याच्याकडे लक्ष जायचं बंद झालंय.

यावर १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास बराच गाजलाय. त्यांनी अमेरिकेतल्या लॉटरी जिंकलेल्या २२ लोकांना गाठलं आणि त्यांची तुलना साध्या लोकांशी केली. जिंकलेले लोक काही फारसे जास्त आनंदी निघाले नाहीत, हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मित्राशी गप्पा, एखादा जोक, कुणी केलेलं कौतुक, सकाळचा नाश्ता अशा रोजच्या बारीकसारीक गोष्टींतून मिळणारी मजा जिंकलेल्यांनी कमी सांगितली. २२ म्हणजे फारच थोडी माणसं आहेत, त्यामुळे यावरून लगेच मोठा सिद्धांत मांडायला नको, पण मोठं सुख आलं की छोटी सुखं फिकी पडतात हे आजूबाजूला बघितलं तरी पटतं.

आणि अजून एक भानगड आहे. हवं असणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंट बेरिज नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग केले, त्यांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळपास संपवून टाकलं तर उंदीर समोरचं खाणं तोंडात घ्यायलाही उठेनात, पण साखरेचं पाणी थेट जिभेवर सोडलं की पहिल्यासारखेच ओठ चाटायचे. म्हणजे आवड जागेवर, ओढ मात्र गायब. आपलं बरेचदा याच्या उलटं असतं, ओढ भरपूर आणि आवड जेमतेम. रात्री उशिरापर्यंत एकाच वस्तूचे रिव्ह्यू बघत बसतो, पार्सल कुठवर आलंय ते परत परत चेक करतो, आणि बॉक्स उघडला की तासाभरात सगळं शांत. खरी मजा त्या वाट बघण्यात होती, ती संपली की हात आपोआप पुढच्या वस्तूकडे वळतो.

मग पलीकडचं काय? मला विचाराल तर ज्यात आपण काहीतरी करतो आणि ज्यात हळूहळू सुधारणा दिसते अशा गोष्टी जास्त टिकतात. मी पेन्सिलने चित्रं काढतो, अगदीच सुमार. स्वतःचा डावा हात समोर धरायचा आणि तोच काढायचा. अंगठा कायम सुजल्यासारखा येतो, पण अर्धा तास त्या बोटांच्या पेरांकडे, नखाच्या कडेच्या सावलीकडे बघत बसलं की डोक्यातला गोंधळ आपोआप थांबतो आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच हाताचा कंटाळा येत नाही कारण काल न दिसलेली एखादी सुरकुती आज दिसते. वस्तूची सवय होते कारण ती आहे तशीच राहते, कौशल्याची तेवढी होत नाही कारण ते पुढे पुढे सरकत राहतं. तुमच्यासाठी हे पोहणं असेल, गाणं असेल, सायकलचा गिअर स्वतः दुरुस्त करणं असेल, काहीही.

फक्त इथे एक सापळा आहे. छंद सुरू झाला रे झाला की आधी सामान घ्यायची हुक्की येते. भारीतल्या पेन्सिली, खास कागद, कुणीतरी व्हिडिओत दाखवलेलं स्टॅन्ड... आणि चित्र काढणं राहतं बाजूला, परत खरेदीच सुरू. मिनिमलिझमचं, म्हणजे कमीत कमी वस्तूंत राहायच्या पद्धतीचं, पण मला तसंच वाटतं, अर्ध्या वस्तू काढून टाकायच्या आणि उरलेल्या नीट दिसाव्यात म्हणून एकसारखे डबे मागवायचे, हे काय सुटणं झालं का! म्हणून सगळं सोडा वगैरे मी तुम्हाला सांगणार नाही. गाडी वापरा, घरात आरामात रहा, फक्त त्यांच्याकडून आनंदाची नोकरी करून घेऊ नका, ते त्यांचं काम नाहीये.

माणसांवर खर्च केलेल्या पैशाचं गणित थोडं वेगळं आहे. २००८ मध्ये एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलरचं पाकीट दिलं, काहींना स्वतःवर खर्च करायला सांगितलं आणि काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुश होते, आणि रक्कम ५ होती की २० याने फरक पडला नाही. खात्यात शिल्लक किती आहे बघून हा प्रयोग कुणीही करू शकतो.

आता पैसा महत्त्वाचा नाही असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. भाडं थकलंय, औषधाला पैसे नाहीत अशा माणसाला आनंद आतून शोध म्हणणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. २०२३ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ, डॅनियल कानेमन आणि बार्बरा मेलर्स या संशोधकांनी पैसा आणि आनंद याबद्दलचे आधीचे एकमेकांशी न जुळणारे निष्कर्ष एकत्र बसून तपासले, त्यात बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतच जातो असं दिसलं. पण जे मुळातच सगळ्यात जास्त दुःखी होते त्यांचा ठराविक उत्पन्नानंतर वाढायचा थांबला. जवळचं माणूस गेल्याचं दुःख किंवा डिप्रेशन पगारवाढीने हलत नाही.

म्हणून तुम्हाला एक विचारतो, नुसत्या वस्तूंचाच आनंद ओसरतोय की मित्र, गाणी, जेवण, आधी आवडायचं ते सगळंच बेचव लागतंय? दुसरं असेल आणि दोन-तीन आठवडे तसंच चालू असेल तर छंद वगैरे राहू द्या, आधी डॉक्टरांना किंवा काउन्सेलरला भेटून या.