घेरदार झगा आणि गवतावरची बैठक

प्रश्न: १८६० च्या सुमाराचा युरोपीय धाटणीचा सुती झगा मी हाताने शिवला आहे. तो घालून उघड्यावरच्या सहलीला जायचंय. आत घेर फुगवणारा कड्यांचा सांगाडा (क्रिनोलिन) घालावा का? घोळ मळू नये म्हणून काय करावं?

उत्तर: सांगाडा घरीच ठेवा. जमिनीवर बसताना मागची कडी दबली की पुढचा घेर ताडकन वर उठतो. त्याऐवजी खळ दिलेले दोन-तीन परकर घाला. फुगीरपणा थोडा कमी दिसेल, पण बसता येईल. बसताना आधी गुडघे टेका, मग एका बाजूला कलून बसा आणि घेर भोवती पसरा.

घोळाची उंची सगळे परकर आणि त्या दिवशीचे बूट घालूनच मापा. जमिनीपासून ४–५ सेंमी वर हवी. घोळाच्या आतून ८–१० सेंमी रुंद सुती पट्टी साध्या धावदोऱ्याने लावा. चिखल, दव तीच झेलते आणि उसवून वेगळी धुता येते. पट्टी आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटून घोळाला चुण्या पडतात. ही चूक फार होते. गवताच्या डागावर गरम पाणी नको, डाग पक्का बसतो.

झग्याच्या आत कॉर्सेट (कंबर आवळणारी दोरीची चोळी) घातला असेल, तर त्याची दोरी मात्र खाण्याआधीच सैल करा.