‘दंतकथा’ नको, ‘दिग्गज’ लिहा, पण एकवचनात

प्रश्न नागपूरच्याच एका विद्यार्थिनीचा आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी ती अमेरिकेतल्या डॅलस संघाचा बास्केटबॉलपटू डर्क नोविट्झकी याच्यावर लेख लिहिते आहे. ‘डॅलस फ्रँचायझीचा ग्रेटेस्ट लेजंड’ याला मराठीत काय म्हणायचं, असं तिने विचारलंय. कोणी तिला ‘सर्वात मोठी दंतकथा’ सुचवलं, पण ते तिच्या कानाला खटकलं.

खटकणारच. दंतकथा म्हणजे तोंडातोंडी चालत आलेली, खरीखोटी कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट. कॉलेजात असताना मीही एका खेळाडूबद्दल ‘तो एक दंतकथाच होता’ असं वहीत लिहून ठेवलं होतं. मोठ्या आईने ते वाचलं आणि विचारलं, “म्हणजे असा माणूस झालाच नाही का गा?” मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. माणसाविषयी दंतकथा असू शकते, माणूस दंतकथा होत नाही. बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनने 2 मार्च 1962 रोजी अमेरिकेतल्या हर्शी गावात एका सामन्यात एकट्याने 100 गुण केले. त्या सामन्याची चित्रफीत नाही, त्यामुळे त्या रात्रीभोवती दंतकथा पुष्कळ जमल्या. पण गुण खरे, विल्टही खरा.

‘आख्यायिका’चीही तीच अडचण. इंग्रजी ‘लेजंड’चं मूळ लॅटिनमध्ये ‘वाचायच्या गोष्टी’ असं आहे, म्हणजे संतांची चरित्रं. तिथे गोष्टीचं नाव पुढे माणसाला चिकटलं. मराठीत ते चिकटलं नाही, आणि ओढूनताणून चिकटवायचं कारणही दिसत नाही.

राहिला ‘दिग्गज’. वर्तमानपत्रांनी तो इतका वापरला की झिजून गेला. दिग्गज नेते, दिग्गज कलाकार, कुठल्याही व्यासपीठावर सहा-सात दिग्गज बसलेले असतातच. पण शब्द फोडून पाहा: दिक् अधिक गज. आठ दिशा आणि दिशेला एकेक हत्ती. ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम, सुप्रतीक. (आपल्या नागपूरच्या झीरो माईल स्तंभाला मात्र घोडेच आहेत, तेही चार.) पूर्वेचा ऐरावत पश्चिमेला जाऊन उभा राहत नाही. आपली दिशा धरायची, भार घ्यायचा, हलायचं नाही.

नोविट्झकीचं नेमकं हेच आहे. 1998 ते 2019 असे 21 हंगाम, सगळे डॅलससाठी, आणि 2011 चं विजेतेपद. सॅन अँटोनियोचा टिम डंकन तसाच: 19 हंगाम, 5 विजेतेपदं, संघ एकच. नुसते गुण मोजून असा मान मिळत नाही. बिल रसेलचं नाव गुणांच्या यादीत फार वर नाही, पण बोस्टनसाठी 13 हंगामांत त्याने 11 विजेतेपदं जिंकली. म्हणून ‘महान’ आणि ‘दिग्गज’ यांत मी फरक करतो. महान कुठेही महान असतो. दिग्गज कुठल्या तरी दिशेचा असतो, म्हणून त्याच्याआधी षष्ठी लागते: डॅलसचा, बोस्टनचा. ‘सर्वात मोठा’ही मग लावू नये. एका दिशेला हत्ती एकच, त्यात लहानमोठा काय करायचा?

लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघापाशी मात्र माझा हा नियम अडतो. जेरी वेस्ट, करीम, मॅजिक, कोबी, त्या दिशेला हत्तींची गर्दी झालेली आहे. तिथे ‘दिग्गजांपैकी एक’ लिहून मोकळं व्हावं.

लेकर्सवरून फ्रँचायझीकडे येऊ. ‘संघ’ लिहिलं तर नाही का चालणार? बहुतेक वेळा चालतं. पण फ्रँचायझी हा मुळात संघ चालवायचा हक्क आहे, आपल्याकडच्या वतनासारखा, आणि तो गाव बदलू शकतो. लेकर्स 1960 मध्ये मिनियापोलिसहून लॉस एंजेलिसला गेले. ‘लेक’ म्हणजे मिनेसोटातली तळी, ती तिथेच राहिली, नाव तेवढं सोबत गेलं. आपल्या विदर्भातल्या मामा तलावांचं, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या तलावांचं, उलट झालं. मालगुजारी गेली, पण तलाव जागेवर आहेत आणि ‘माजी मालगुजारी’ नावात उरली आहे. लेकर्सच्या 17 विजेतेपदांपैकी 5 मिनियापोलिसची, जॉर्ज मायकनच्या काळातली. मायकनला लॉस एंजेलिसचा दिग्गज म्हणता येत नाही, लेकर्स फ्रँचायझीचा म्हणता येतं. असा पेच असेल तेव्हाच ‘फ्रँचायझी’ ठेवा. चहाच्या दुकानांमुळे तो शब्द आता सगळ्यांना कळतो.

बाकी नागपूरच्या शिवाजीनगरच्या कोर्टवर पोरं यातलं काहीच म्हणत नाहीत. कोणी लांबून तीन गुणांचा बास्केट टाकला की एकच ऐकू येतं, “बाप आहे बे!” अर्थ पूर्ण पोहोचतो, षष्ठीही लागते: डॅलसचा बाप. पण वार्षिकांकाचे संपादक तो कापतील, म्हणून तुमचं वाक्य असं करा: ‘नोविट्झकी हा डॅलसचा दिग्गज.’

आणि त्यात ग ला ग जोडा. ‘दिगज’ असा फलक मी एका सत्कार समारंभात पाहिला आहे, हाराखाली अर्धा झाकलेला.