पाँटिंगची वाइन करतं कोण?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. जिल्ह्याच्या १९ वर्षांखालच्या संघात यंदा निवड झाली नाही. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. "रिकी पाँटिंग दहावीनंतर शिकला नाही. आधी क्रिकेट खेळला, आता वाइन करतो. मीही तेच करीन," असं म्हणून त्याने केमिस्ट्रीची पुस्तकं बांधून ठेवली आहेत. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, त्याची माहिती खरी आहे, पण अर्धी. पाँटिंगने १९९० मध्ये दहावीनंतर शाळा सोडली आणि लॉन्सेस्टनच्या एका शाळेच्या मैदानावर ग्राउंड्समनची नोकरी धरली. पण सतराव्या वर्षी तो टास्मानियाकडून प्रथम श्रेणी सामना खेळलाही. तुमच्या मुलाच्या वयाची ही गोष्ट आहे, तेवढी त्याला हळूच सांगा.

आता वाइन. बाटलीवर नाव पाँटिंगचं. एका वाइनचं नाव '३६६', म्हणजे त्याच्या कसोटी टोपीचा क्रमांक; ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळलेला तो ३६६ वा खेळाडू. दुसरीचं नाव तो वाढला त्या मोब्रे या उपनगरावरून. पण द्राक्षाची वाइन करतो तो बेन रिग्ज, ऑस्ट्रेलियातल्या मॅक्लारेन व्हेल या द्राक्षभागातला मुरलेला वाइनमेकर. पाँटिंगकडे नाव होतं, १६८ कसोटींनी कमावलेलं. (२००३ च्या वर्ल्ड कप फायनलमधले त्याचे नाबाद १४० माझ्या तर अजून घशाखाली उतरलेले नाहीत.) ज्याच्याकडे असं नाव नाही, त्याने रिग्जकडे बघावं.

आणि रिग्जचं काम म्हणजे बरंचसं केमिस्ट्रीच. साखर किती, आम्लता किती, रस आंबवणारं यीस्ट मध्येच थांबलं तर काय करायचं, टाकीचं तापमान कुठे रोखायचं! उरलेला वेळ टाक्या आणि पाइप धुण्यात जातो. ऑस्ट्रेलियात हे शिकवणारं जुनं ठिकाण रोझवर्दी कृषी महाविद्यालय. १८८३ मध्ये सुरू झालं, १९९१ मध्ये अ‍ॅडलेड विद्यापीठात विलीन झालं. द्राक्षशेती आणि वाइननिर्मितीची पदवी आता अ‍ॅडलेडच्या वेट कॅम्पसवर मिळते. तिथे क्रिकेटचा स्कोअर विचारत नाहीत.

तुमचा मुलगा खरड छाटणी आणि फळछाटणी बघत वाढलाय, ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातल्या गोडीचं माप, काय असतं ते त्याला सांगावं लागणार नाही. द्राक्षाच्या जातींत खाण्याची थॉमसन वेगळी आणि वाइनची शिराझ वेगळी, हे मात्र शिकावं लागेल. क्रिकेट सोडायला लावू नका. रविवारी खेळू दे.

पुस्तकं सोडवून घ्या. परीक्षा संपली की नाशिकच्या एखाद्या वायनरीत परवानगी काढून त्याला दोन दिवस नुसतं बघायला पाठवा, टेस्टिंग रूममध्ये नव्हे, टाक्यांपाशी. घरी आल्यावर तो कशाबद्दल बोलतो ते मला कळवा.