राजकीय उलथापालथ चालू असताना 'सूत्रांच्या माहितीनुसार' आलेल्या बातमीवर कितपत विश्वास ठेवावा?

तुम्ही विचारलंय की सरकार पडायच्या बेतात असलं की चॅनेलवर एक, ट्विटरवर दुसरं आणि व्हॉट्सॲपवर तिसरंच दिसतं. त्यातलं खरं कसं ओळखायचं? मी जून 2022 मधलं एकनाथ शिंदेंचं शिवसेनेतलं बंड उदाहरणाला घेतो. ते प्रकरण कोर्टात जाऊन निकालही लागलाय, त्यामुळे तेव्हा काय सांगितलं गेलं आणि पुढे काय ठरलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

आधी आकडा बघा. त्या आठवड्यात टीव्हीवर सारखा 37 चा जप चालला होता. 2019 ला शिवसेनेचे 56 आमदार निवडून आले, मे 2022 मध्ये रमेश लटके यांचं निधन झालं, उरले 55. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे 37. 'सदतीस जमले की पक्षांतरबंदी लागत नाही' हे वाक्य लोकांना पाठ झालं. गणित बरोबर होतं, कायदा अर्धाच सांगितला जात होता. फुटलेल्या एक तृतीयांश आमदारांना राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात (म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात) पूर्वी संरक्षण होतं, ते 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने गेलं. दोन तृतीयांशाची अट आहे ती दुसऱ्या पक्षात विलीन होण्यासाठी. शिंदे गट कुणातच विलीन झाला नाही, 'आम्हीच शिवसेना' म्हणाला. म्हणजे खरा वाद पक्ष कुणाचा आणि प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, काढणारा) कुणाचा हा होता.

आणि तो वाद 22 जूनलाच सगळ्यांसमोर आला होता. ठाकरेंच्या बाजूचे प्रतोद सुनील प्रभूंनी संध्याकाळी पाचच्या बैठकीला हजर राहण्याचं पत्र काढलं. त्यावर शिंदेंनी ट्विट केलं की आता प्रतोद भरत गोगावले आहेत, प्रभूंचा आदेश अवैध. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं ट्विट हेच. पण त्या संध्याकाळी पडदा व्यापला तो उद्धव ठाकरेंच्या फेसबुक लाइव्हने आणि 'वर्षा'वरून 'मातोश्री'कडे निघालेल्या गाड्यांनी. 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष (म्हणजे नुसता आमदारांचा गट) नाही, आणि गोगावलेंना दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. कॅमेऱ्याला मोटारींचा ताफा आवडतो, पत्र दाखवून टीआरपी येत नाही. तुम्ही मात्र पत्रच शोधायचं: कुणी काढलं, कुणाच्या नावे, तारीख काय, सह्या किती.

मोजणीतही गफलत होते. गुवाहाटीच्या हॉटेलातून येणाऱ्या व्हिडिओत शिवसेनेचे आमदार, प्रहारचे बच्चू कडू आणि अपक्ष असे सगळे एकत्र दिसायचे. सरकार पाडायला ही सगळी डोकी चालतात, पण पक्षाचे दोन तृतीयांश मोजताना फक्त त्या पक्षाचे धरायचे. म्हणून कागदावर दोन रकाने करा. एकात सभागृह: 288 पैकी एक जागा रिकामी, म्हणजे 287 आणि बहुमत 144. दुसऱ्यात पक्ष: 55. नवा आकडा आला की तो कुठल्या रकान्यातला, आणि नुसता दाव्याचा, सह्यांचा की मतदानाचा, हे शेजारी लिहा. 4 जुलैला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर पडलेला 164 विरुद्ध 99 हा मतदानाचा आकडा. त्याआधीचे बहुतेक दाव्याचे होते.

आता 'सूत्रं'. वार्ताहर बंगल्याबाहेर उभा असतो. आत काय चाललंय ते त्याला आतलाच कुणीतरी फोनवर सांगतो, आणि सांगणाऱ्याला त्यात काहीतरी साधायचं असतं. वार्ताहर खोटं बोलतोच असं नाही. डेस्कला दर काही मिनिटांनी नवी पट्टी लागते, स्टुडिओ 'फोनो' (फोनवरून थेट बातमी) मागतो, मग ऐकलेलं तसंच पुढे जातं. 30 जूनला सकाळपासून फडणवीसच मुख्यमंत्री होणार असं चाललं होतं. दुपारी राजभवनातल्या पत्रकार परिषदेत खुद्द फडणवीसांनी शिंदेंचं नाव जाहीर केलं, आपण सरकारबाहेर राहणार म्हणाले. मग भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नड्डांनी त्यांना सरकारमध्ये जायला सांगितलं आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास त्यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. म्हणजे सूत्रं तर चुकलीच, पण नेत्याच्या तोंडून ऐकलेलंही काही तासांत शिळं झालं. बातमीवरची वेळ बघायची ती यासाठी.

छापील पेपरचं दुखणं तर याहून साधं, छपाईची वेळ. 23 नोव्हेंबर 2019 ला मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचा मथळा घेऊन पेपर दारात पडले. पहाटे 5:47 ला राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी टीव्हीवर. त्या मथळ्याला मी खोटा म्हणणार नाही. आदल्या संध्याकाळी शरद पवार तसं उघड बोलले होते.

व्हॉट्सॲपवर दोन बाणांसोबत 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' दिसलं की तो मजकूर किमान पाच हातांतून आलाय असं समजा. चॅनेलच्या नावाचं ब्रेकिंग कार्ड आलं तर त्या चॅनेलच्या अधिकृत पानावर तेच कार्ड आहे का ते बघा. बनावट कार्डात लोगो हुबेहूब असतो, पण अक्षराचं वळण आणि शुद्धलेखन फसतं. व्हिडिओ असेल तर चेहरे स्पष्ट दिसतील तिथे थांबवा, स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सला द्या. दोन-तीन वेगवेगळ्या फ्रेम देऊन बघा. जुन्या सभेची गर्दी नवी म्हणून फिरत असेल तर बहुतेकदा इथेच पकडली जाते. ऑडिओ क्लिपला मात्र हा उपाय नाही. ज्याचा आवाज म्हणतात तो माणूस ती मान्य करतो का, याची वाट बघावी लागते. सांगोल्याचे बंडखोर आमदार शहाजीबापू पाटलांनी गुवाहाटीच्या हॉटेलातल्या फोनवरची 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' ही क्लिप नाकारली नाही, म्हणून ती टिकली. (मीम भारी होती, पण हॉटेलचं बिल कोण भरतंय हा प्रश्न त्या हशात वाहून गेला.)

कोर्टाच्या बातमीत न्यायमूर्तींची तोंडी टिप्पणी आणि आदेश वेगळे धरा. सुनावणीत वकिलाला विचारलेला प्रश्न दहा मिनिटांत 'कोर्टाचा दणका' होतो. घटनापीठाच्या सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण 27 सप्टेंबर 2022 पासून सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी दाखवलेल्या प्रकरणांत हेही होतं. निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतो; सगळा वाचायला वेळ नसेल तर शेवटचे निष्कर्ष वाचा. 11 मेच्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं होतं असं म्हटलंय, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने जुनं सरकार परत आणता येणार नाही असंही म्हटलंय. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी विजयाची कार्डं फिरवली. एकावर 'पण'च्या अलीकडचं होतं, दुसऱ्यावर पलीकडचं.